डोबोचा बाजार

आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला तो बदलीच्या प्रवासात आगगाडीच्या खिडकीतून, नाहीतर रजेच्या चार दिवसांत किनाऱ्यावर उभे राहून. शिडाच्या गलबतातून बेटांमागून बेटे पाहत जाण्याचा योग कारकुनाच्या पत्रिकेत सहसा नसतो. तेव्हा असले प्रवास आम्ही कचेरीतून परतल्यावर, दिव्याखाली बसून, दुसऱ्याच्या खर्चाने करतो. अलीकडे असा एक प्रवास आम्ही आल्फ्रेड रसेल वॉलेस याच्या सोबतीने केला. 'द मलाय आर्किपेलागो' हा त्याचा ग्रंथ १८६९ साली प्रसिद्ध झाला. आज ज्यास आपण इंडोनेशिया व मलेशिया म्हणतो त्या बेटांतील आठ वर्षांच्या भ्रमंतीची हकिगत त्यात आहे. ग्रंथ प्रसिद्ध आहे तो पक्षी, फुलपाखरे व ओरांगउटान यांच्यासाठी. आम्ही त्यात गुंतून पडलो ते निराळ्याच कारणाने, आणि ते कारण आपल्यासारख्या सरकारी नोकरांच्या कानावर घालावे असे वाटले म्हणून हा लेखनप्रपंच.

वॉलेस हा कोणी धनिकाचा हौशी पुत्र नव्हे. त्याचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील उस्क या गावाजवळ झाला. घरची परिस्थिती उतरती असल्यामुळे चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली व तो वडील भावाच्या हाताखाली जमीन-मोजणीचे काम शिकला. पुढे १८४८ पासून चार वर्षे त्याने ॲमेझॉनच्या खोऱ्यात पक्षी व कीटक जमविले, ते विकून पोट भरावे या हिशेबाने. परतताना १८५२ साली अटलांटिक महासागरात जहाजाने पेट घेतला. संग्रहाचा मोठा भाग डोळ्यांदेखत जळाला आणि त्यानंतरचे दहा दिवस त्याने उघड्या होडीत काढले. एखाद्याने आयुष्यभर पाण्याचे नाव काढले नसते. पण एप्रिल १८५४ मध्ये हा गृहस्थ पुन्हा सिंगापूरच्या धक्क्यावर उतरला. सृष्टीतील निवडीच्या तत्त्वाचा जो निबंध त्याने तेर्नाते बेटाहून १८५८ साली डार्विनला पाठविला आणि जो १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विनच्या टिपणांसोबत वाचला गेला, त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. तो विषय आमच्या आवाक्यातला नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते डोबोविषयी.

सेलेबीस बेटावरील मकासर हे बंदर. तेथून सुमारे हजार मैल पूर्वेस, न्यू गिनीच्या अंगणात म्हणावी अशी आरू बेटे आहेत. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेचा वारा सुरू झाला की मकासरची गलबते तिकडे जात, आणि जुलै-ऑगस्टात वारा उलटला की परत येत. म्हणजे वर्षात एकच खेप. वारा ही तेथली सरकारी रजाच म्हणा, हवी तेव्हा मिळत नाही व मिळाली म्हणजे चुकवून चालत नाही. डिसेंबर १८५६ मध्ये वॉलेसने अशाच एका सत्तर टनांच्या देशी गलबतावर, म्हणजे तिकडच्या 'प्राहू'वर, जागा मिळविली. नाखवा जावाचा, मिश्र रक्ताचा. खलाशी तीसेक.

या गलबताचे वर्णन वॉलेस मोठ्या प्रेमाने करतो. शिडे चटईची, दोर वेताचे व काथ्याचे, डोलकाठीच्या जागी तीन वाशांची तिकटी. मागे दोन बाजूंस दोन सुकाणू, आणि ती ज्या भोकांतून आत येत ती पाण्यापासून अवघी तीनेक फूट उंच. मोठी लाट आली तर सरळ पोटात शिरावी, हे पाहून त्याच्या पोटात गोळा उठला. पण डेकवरील गवताने शाकारलेली त्याची खोपटी, जेमतेम एक माणूस पाय पसरून निजेल एवढी, त्याला साऱ्या समुद्रप्रवासांत सर्वांत सुखाची वाटली. तेथे रंगाचा वास नव्हता, डांबराचा नव्हता. बांबू, वेत व पाने यांचा रानातला वास होता. खलाशी साऱ्या कामांत एकाच वेळी सल्ला देत व आरडाओरड करीत, कारण प्रत्येकाने आपापला थोडाथोडा माल बरोबर घेतला होता. ते केवळ चाकर नव्हते, लहानसे व्यापारीच होते. तरी गलबत नीट चालले होते.

या गलबतावर वेळ मोजण्याचे साधन होते ते वाचून आम्ही पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. पाण्याने अर्धी भरलेली बादली, तीत तरंगणारी घासून गुळगुळीत केलेली अर्धी नारळाची करवंटी, आणि करवंटीच्या तळाला बारीकसे छिद्र. त्यातून पाण्याची सुतासारखी धार आत चढे व बरोबर एका तासाने करवंटी भरून बुडे. वॉलेसने आपले घड्याळ लावून पाहिले, तो तासातासाला मिनिटाचाही फरक क्वचितच पडे. गलबत कितीही हेलकावो, बादलीतील पाणी सपाटच राही. आमच्या लहानपणी लग्नाच्या मुहूर्ताला भटजी जे घटिकापात्र मांडीत ते हेच. आपली वाटी तांब्याची, आणि ती चोवीस मिनिटांत बुडे एवढाच काय तो फरक. एक कल्पना दोन किनाऱ्यांवर स्वतंत्रपणे सुचली की गलबतांतून इकडून तिकडे गेली, हे जाणत्यांनी सांगावे. आम्हांस मात्र त्या परक्या समुद्रात अचानक घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

वाटेत के बेटे लागली. तेथील लोक तीन-चार होड्यांतून गात, वल्ही उडवीत आले आणि गलबतावर चढून लहान मुलांसारखे बागडू लागले. मलायी खलाशी गंभीर मुद्रेने पाहत राहिले. जन्मभर प्राण्यांच्या जाती निरखणाऱ्या वॉलेसने माणसांतला हा भेदही तेथेच टिपून ठेवला. याच के बेटांवर एकही खिळा न वापरता, कुऱ्हाडीने तासलेल्या फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडून उत्तम होड्या बांधीत. त्यांचे कौतुक करताना त्याचा मोजणीदाराचा डोळा जागा झालेला दिसतो.

८ जानेवारी १८५७ रोजी तो डोबोला उतरला. त्या दिवशी त्याला चौतीस वर्षे पुरी झाली. योगायोग म्हणजे आमचे वयही याच्याच आसपास आहे. आमच्या वाढदिवसाला कचेरीत चहा होतो.

डोबो म्हणजे वाम्मा नावाच्या बेटावरील वाळूची एक जीभ. घरांच्या तीन ओळी मावतील एवढीच तिची रुंदी. घरे झापांची. व्यापाराचे चार-सहा महिने सोडले तर ती रिकामी पडत. त्या वर्षी मकासरची पंधरा मोठी गलबते, आणि सेराम, गोराम व के येथून शंभरेक लहान होड्या आल्या होत्या. मोती, शिंपा, कासवाची पाठ, खाण्याची पाखरांची घरटी, चिनी लोक चवीने खातात ती वाळविलेली समुद्रकाकडी आणि स्वर्गपक्ष्यांची कातडी हा माल येथून जाई. येई तो कापड, सुऱ्या, बंदुका, घंटा, चिनीमातीची भांडी, तंबाखू व दारू. एका मोसमाची निर्यात वॉलेसने अजमासे १८,००० पौंडांची धरली आहे. मोसम भरात आला म्हणजे त्या वाळूवर पाचशेच्या आसपास माणसे असत. त्यांत चिनी, बुगी, सेरामी, जावाचे मिश्र लोक व खुद्द आरूचे रहिवासी होते. पुष्कळ त्यांपैकी असे, की ज्यांचा पूर्वेतिहास विचारू नये हे बरे. संध्याकाळी रस्त्यात कोंबड्यांच्या झुंजी चालत आणि वेताचा पोकळ चेंडू पायाने हवेत उडविण्याचा खेळ रंगे.

आणि या गावास सरकार नव्हते. डचांचे राज्य होते ते नकाशावर. गावात अंमलदार नाही, पोलीस नाही, न्यायाधीश नाही, वकील नाही. हे वाचून आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की मग आवक-जावकाची नोंदवही कोण ठेवीत असेल! विनोद सोडला तर प्रश्न साधा नाही. अशा ठिकाणी रोज एखादा मुडदा पडावा, झोपड्या लुटल्या जाव्यात असे कोणीही गृहीत धरील. वॉलेसनेही धरले होते. पण तो झापांच्या घरात, दारास कुलूप नसताना, निर्धास्त झोपू लागला. उधारी चाले, हिशेब फिटत.

एकदा एकास चोरीच्या प्रयत्नात पकडले. व्यापारी मंडळी जमली, साक्षी झाल्या, आणि वीस फटक्यांची शिक्षा भर रस्त्यात तेथल्या तेथे अमलात आली. वेताची छडी बारीक होती, आणि मारणाऱ्याच्या मनातही थोडी दया असावी असे वॉलेसला वाटले. फटक्यांइतकीच लाजही लागली. गंमत अशी, की सौद्यात चतुराईने फसविणे यास तेथे कोणी दोष देत नसे, उलट हुशारीच मानीत. घर फोडणे मात्र कोणासही खपत नसे. जेथे प्रत्येकाचा माल झापाच्या एका भिंतीआड पडलेला, तेथे ही नीती गरजेतून उपजली असणार. वॉलेसचे अनुमानही साधारण असेच आहे. प्रत्येकाला व्यापार हवा, व्यापाराला शांतता हवी, म्हणून सर्वांनी मिळून ती राखली. एवढ्यावर न थांबता तो विचारतो, की इंग्लंडात कायद्यांचे ढीग आणि वकिलांच्या फौजा आहेत, त्या खरोखर सगळ्याच लागतात काय?

हे वाचताना आमच्या मनाची जरा चमत्कारिक अवस्था झाली. आमचे पोट ज्या व्यवस्थेवर चालते तिच्यावाचून पाचशे माणसे सहा महिने सुखाने नांदली, हे कारकुनाने आनंदाने वाचावे की चिंतेने? तथापि डोबोचे चित्र पुरते पाहिले पाहिजे, आणि वॉलेसचा मोठेपणा हा, की चित्राचा काळा भागही त्यानेच रेखाटला आहे. त्याच वर्षी चाचे आल्याची हूल उठली. आसपास काही होड्या लुटल्या गेल्या, आणि पुढल्या प्रवासासाठी वॉलेसला कोणी नावाडी मिळेना. गावातील शांतता व्यापाऱ्यांनी राखली, पण समुद्र राखणे त्यांच्या हाती नव्हते. दुसरे असे, की आरूचे मूळ रहिवासी दारू घेत ती साठा संपेपर्यंत रात्रंदिवस पीत राहत आणि त्या धुंदीत घरातल्या वस्तूंची मोडतोड करीत. ही दारू आणणारे डोबोचेच सभ्य व्यापारी. म्हणजे ज्यांनी सर्वसंमतीने चोरीला शासन केले, त्यांची सर्वसंमती आपल्या गिऱ्हाइकाच्या नाशापर्यंत पोहोचत नव्हती. हा दोष केवळ सरकार नसलेल्या गावाचा, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

मार्चनंतर वॉलेस मोठ्या बेटाच्या आत वानुंबाई या वस्तीत जाऊन राहिला, तेही एका घरात, अनेक कुटुंबांच्या बरोबर. तेथे कीटकांच्या चाव्यांनी त्याच्या पायांना इतके व्रण झाले, की कित्येक आठवडे त्याला उभे राहता येईना. सरपटत नदीवर जावे व परत यावे. निळीशार फुलपाखरे समोरून जात, आणि जाळे घेऊन धावणारा माणूस बसून राही. आमचे मत असे, की हा सक्तीचा मुक्काम त्याला लाभला. धडधाकट असता तर रानात गेला असता. पडून राहिल्यामुळे लोक त्याच्याकडे आले. एका म्हाताऱ्याने त्याच्या देशाचे नाव विचारले. उत्तर ऐकून तो म्हणाला, की असले नाव कुठे असते काय, तू काही तरी लपवितोस. वानुंबाई हे नाव कोणालाही उच्चारता येते, देशाचे नाव असे असावे! बाटल्यांत व पेटाऱ्यांत भरलेले प्राणी याच्या देशी पोहोचले की पुन्हा जिवंत होतात, असाही त्यांचा समज झाला. दुसरे काही कारण असेल तर माणूस एवढ्या लांबून मेलेली पाखरे न्यायला कशाला येईल? परप्रांतात आमच्या शेजाऱ्यांनीही आमच्या आडनावाविषयी आणि आमच्या खाण्यापिण्याविषयी असे तर्क बांधलेले आम्ही ऐकले आहेत. त्यामुळे हा म्हातारा आम्हांस ओळखीचा वाटतो.

आरूवरच त्याला राजस्वर्गपक्षी मिळाला, सुतारपक्ष्याहून लहान, शेंदरी रंगाचा, शेपटीच्या दोन तारांच्या टोकाला हिरव्या चकत्या असलेला. शतकानुशतके असे पक्षी पाय कापलेल्या कातड्यांच्या रूपाने युरोपात जात होते. त्यावरून लिनियसने १७५८ साली त्यांतील एका जातीला 'बिनपायाचा' या अर्थाचे नावच देऊन टाकले. वॉलेस हर्षभरित झाला, आणि त्याच घटकेस उदासही झाला. इतकी वर्षे या रानात हे सौंदर्य कोणी जाणता पाहणारा नसताना जन्मले व मेले. उद्या जाणता मनुष्य येथे पोहोचला, की तोच या रानाचा समतोल बिघडवून या पाखरांचा नायनाट करील. मग सारी सृष्टी माणसासाठी निर्माण झाली आहे असे कसे म्हणावे? हे लिहिणारा स्वतः ती पाखरे मारून विकत होता, हेही विसरता येत नाही. जुलै १८५७ च्या आरंभी वारा उलटल्यावर तो डोबोहून निघाला तेव्हा त्याच्याजवळ नऊ हजारांवर नमुने होते. साडेनऊ दिवसांत गलबत मकासरला लागले.

तीन वर्षांनी, १८६० साली, त्याने स्वतःचे गलबत घ्यावयाचे ठरविले. गोराम बेटांत एक लहान प्राहू विकत घेऊन, के बेटांच्या सुतारांसमवेत स्वतः राबून, ती सजविली. सामता नव्हता, म्हणून लाकडाला भोके पाडली ती तापविलेल्या सळईने. मालक होताच त्याचे दैव फिरले. सेरामच्या किनाऱ्यावर पहिले सर्व खलाशी एका रात्रीत आपल्या पेट्यांसह पळाले. युरोपियन धन्याची शिस्त त्यांना मानवली नसावी, असे तो प्रांजळपणे म्हणतो. मिसूल बेटावर त्याचा मदतनीस शिध्याची वाट पाहत होता. बेट दिसत होते, पण वाऱ्याने व प्रवाहाने प्राहू पुढे ढकलली गेली आणि तो नाद सोडावा लागला. दोन माणसे एका निर्जन बेटावर उतरली असता नांगर तुटून गलबत वाहत गेले. ती दोघे महिनाभर कंदमुळे, शिंपल्यांतले मांस व कासवाची अंडी यांवर जगली आणि अखेर परत मिळाली. दहा वेळा गलबत पोवळ्यांच्या खडकांवर चढले, चार नांगर गेले, शिडे उंदरांनी खाल्ली, मागे बांधलेली होडी हरवली. होकायंत्रापुढे लावायच्या दिव्याला तेल उरले नाही. वायगिऊ बेटाहून तेर्नातेपर्यंतचा बारा दिवसांचा रस्ता अडतीस दिवसांत तुटला. जाण्यायेण्याचे एकूण अठ्ठ्याहत्तर दिवस समुद्रात गेले, आणि त्यांत अनुकूल वारा एक दिवसही लाभला नाही. परक्याच्या गलबतावर भाडेकरू म्हणून सुखाने गेलेला मनुष्य स्वतःच्या गलबतावर असा रडकुंडीस आला. सरकारी क्वार्टर सोडून स्वतःचे घर बांधणाऱ्यांना यातले मर्म वेगळे सांगावयास नको.

पण याच फेरीत वायगिऊजवळच्या बेसीर येथे जे घडले, त्यासाठी आम्ही हे सारे लिहावयास घेतले. वॉलेस तेथे आठ फूट चौकोनी खोपटीत राहिला. तिच्याखाली, वाकूनच वावरता येईल अशा जागेत, त्याचे काम चाले. तांबडा स्वर्गपक्षी तेथेच मिळे. स्थानिक लोक लाल फळाचे आमिष व दोरीचा फास लावून तो जिवंत पकडीत. पण रिवाज असा, की मोबदला आधी द्यावयाचा. कुऱ्हाडी, सुऱ्या, मणी आपल्या हाताने वाटून टाकायचे आणि माणसे रानात निघून गेली की वाट पाहत बसायचे. ना कागद, ना सही, ना जामीन. आम्हीही वर्षानुवर्षे उचल दिलेल्या रकमांचे हिशेब पाहतो. तीन-तीन स्मरणपत्रे गेल्यावाचून त्या परत येत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. बेसीरचे लोक एकेक करून आले. ज्यास पाखरू मिळाले नाही त्याने घेतलेली कुऱ्हाड परत आणून ठेवली. एकाने सहा पाखरांचा मोबदला घेतला होता. पाचवे दिले, आणि निघण्यास दोन दिवस उरले असता तो सहाव्यासाठी पुन्हा रानात शिरला. तो आला नाही. होडी भरली, निघण्याची वेळ झाली, आणि तो पाखरू उंच धरून धावत आला. ते वॉलेसच्या हाती देऊन, आपले देणे आता फिटले, असे त्याने मोठ्या समाधानाने सांगितले. वॉलेस आश्चर्याने नमूद करतो, की त्याला बुडविणे सहज शक्य होते व शिक्षा करणारे तेथे कोणी नव्हते.

इतके पाहिलेला हा मनुष्य पुढल्याच वर्षी, १८६१ साली, जावात गेला आणि आमच्या मते तेथे त्याची दृष्टी थोडी मंदावली. बटेव्हियात तो 'होतेल दे इंद'मध्ये उतरला. रस्ते चांगले, बागा नीटनेटक्या, यजमान सुसंस्कृत. १८३० पासून डचांनी तेथे सक्तीच्या लागवडीची पद्धत चालविली होती. गावाने आपल्या जमिनीचा हिस्सा कॉफी, ऊस, नीळ यांना द्यावयाचा व माल सरकारी भावाने सरकारलाच घालावयाचा. वॉलेसने या पद्धतीची वाखाणणी केली आहे. बापाने मुलास शिस्त लावावी तशी ती त्याला वाटली. १८४८ ते १८५० या काळात त्याच जावातील डेमाक व ग्रोबोगान भागांत भयंकर दुष्काळ पडले होते आणि भाताच्या या देशात माणसे अन्नावाचून मेली होती. एदुआर्द दावेस देकर नावाचा एक डच अधिकारी १८५६ साली लेबाक येथे नेमला गेला. रयतेची पिळवणूक त्याला पाहवली नाही, त्याने वर लिहिले, वरिष्ठांनी ऐकले नाही, व त्याने काही महिन्यांतच राजीनामा दिला. १८६० साली 'मुल्तातुली' या नावाने त्याने लिहिलेल्या 'माक्स हावेलार' या कादंबरीने हॉलंड हादरले. वॉलेसने ती वाचली होती. त्याला ती लांबलचक व कंटाळवाणी वाटली.

आम्ही येथे बराच वेळ अडखळलो. बेसीरच्या माणसाच्या सहाव्या पाखराची नोंद घेणारा लेखक, एका अधिकाऱ्याने नोकरी गमावून मांडलेली रयतेची कैफियत कंटाळवाणी कशी म्हणू शकतो? आमची समजूत अशी झाली, की डोबोत तो व्यापाऱ्यांच्या गलबतातून उतरला होता, झापाच्या घरात राहिला होता, आणि तेथील माणसांवाचून त्याला एक दिवसही निभाव नव्हता. जावात त्याला कोणाची गरज पडली नाही. दौऱ्यावर जाणारे आमचे वरिष्ठ विश्रामगृहात उतरतात व परतल्यावर जिल्ह्याची स्थिती समाधानकारक असल्याचे लिहितात, ते खोटे लिहितात असे नव्हे.

आता एका माणसाविषयी सांगितलेच पाहिजे. सारवाकचा अली नावाचा मलायी मुलगा वॉलेसकडे प्रथम स्वयंपाक्या म्हणून लागला. पुढे तो बंदूक चालविण्यात व पाखरांची कातडी सोडविण्यात तरबेज झाला. आरूच्या प्रवासात तो बरोबर होता. ऑक्टोबर १८५८ मध्ये बाचान बेटावर त्याने मारून आणलेले पाखरू पाहून वॉलेस थक्क झाला. छातीवर हिरवी चकाकणारी ढाल आणि खांद्यांतून निघालेली लांब पांढरी पिसे, अशी स्वर्गपक्ष्याची सर्वस्वी नवी जात. शास्त्रज्ञांनी तिला वॉलेसचे नाव दिले व ते आजही चालू आहे. १८६२ साली सिंगापुरात दोघांची ताटातूट झाली. वॉलेसने त्याचे छायाचित्र काढविले आणि पैसे, बंदुका व बरेच सामान त्याला दिले.

डोबो आज इंडोनेशियाच्या आरू जिल्ह्याचे मुख्य ठाणे आहे. जिल्हा स्वतंत्र झाला तो २००३ साली. तेव्हा तेथे आता कचेऱ्या आहेत, आणि आवक-जावकाची नोंदवहीही असेलच.

अलीचे पुढे काय झाले हे बराच काळ कोणास ठाऊक नव्हते. १९०७ च्या सुमारास टॉमस बार्बर हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तेर्नातेला गेला असता एक सुरकुतलेला मलायी म्हातारा वाटेत त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने आपले नाव सांगितले. तो म्हणाला, मी अली वॉलेस.